नाचऱ्या घोडीचे पाय

लग्न होऊन मी सासरी आले, तेव्हा दारात पहिलं पाणी मिळालं ते घोडीला. मग तिला गूळ आणि भिजवलेली चण्याची दाळ. मग अंगावरची झूल काढून खरारा. हे सगळं यथासांग होईपर्यंत नवी नवरी, म्हणजे मी, डोक्यावर पदर घेऊन उंबऱ्याबाहेर उभी. वरून वैशाखाचं ऊन. आतून कोणीतरी ओरडून सांगत होतं, "थांबा नं बाप्पा, घोडी घामेजली हाय, पहिले तिचं पाहू द्या!" मी मनात म्हटलं, बाई गं, या घरात तुझा नंबर कितवा ते आजच कळलं, बरं झालं.

माझं माहेर अंजनगाव सुर्जीकडचं. वडिलांचा मळा होता. वांगी, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर, आणि बांधाच्या कडेनं शेवंती. सासर तेल्हाऱ्याच्या बाजूला, काळ्या मातीत, चहूकडे कपाशी. जात एकच, पण ते वावरवाले आणि आम्ही मळेवाले, म्हणून सासरी मी कायम 'भाजीवाल्याची पोट्टी'. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांतात होतं, इंग्रजाचं राज्य होतं, हे सगळं मला नंतर कळलं. आमच्या घरात राज्य होतं मामाजींचं. मामाजी म्हणजे माझे सासरे.

आणि मामाजींचा जीव होता घोडीत. पांढरीशुभ्र घोडी, कानाच्या आतून गुलाबी, मान अशी की पाहतच राहावं. शिंगरू असताना जत्रेतून आणली होती आणि तिला नाचायला शिकवलं होतं. कसं शिकवलं ते मी आल्यावर ऐकलं. पुढच्या पायांना दोरी, पायात घुंगरू, डफडं वाजलं की दोरी ओढायची. असं करत करत दोरी सुटली आणि नाच उरला. बाजा वाजला की ती पुढचे पाय आलटून पालटून उचलायची. पंचक्रोशीत कुठंही लग्न असो, नवरदेव याच घोडीवर बसणार.

मामाजी एक पैसा घेत नसत. हे ते मोठ्या अभिमानानं सांगायचे. "आपुन धंदा करत नाई, आपुन मान घेतो." मान म्हणजे काय, तर घोडीचा लगाम धरून वरातीच्या पुढं चालायचं, मांडवाच्या दारात मुलीच्या बापाच्या हातून फेटा बांधून घ्यायचा आणि पंगतीत पहिल्या पाटावर बसायचं. एवढ्यासाठी. मला पैशाचा लोभ कळतो हो. गरज असते, घरात तोंडं असतात. पण डोक्याला गुंडाळायच्या कापडासाठी मुक्या जनावराचे पाय झिजवणं, हे मला त्या वयातही कळलं नाही आणि आजही कळत नाही. आज नातवंडं म्हणतात, आजी, किती जुनी गोष्ट, सोड नं. का सोडू? जिचे पाय होते, तिला सोडवता आले का?

घोडी दुखावलेली आहे हे मला पहिल्या पावसाळ्यात दिसलं. सकाळी मी कोठ्यात शेण काढायला जायची. कोठा म्हणजे आमच्याकडे गुरांचा गोठा. बैल एका अंगाला, घोडी दुसऱ्या अंगाला. ती उभी असायची ती पुढचा एक पाय पुढं टाकून, नुसतं खुराचं टोक टेकवून. थोड्या वेळानं तो घ्यायची आणि दुसरा टाकायची. मी गुडघ्याला हात लावला, तर गरम. खुरावरच्या सांध्याला सूज. दाबलं तर तिनं मान झटकली आणि मग माझ्याकडे असं पाहिलं की माझा सगळा मत्सर तिथंच जिरला.

मी आत्याबाईंना सांगितलं. आत्याबाई म्हणजे सासूबाई. त्या काळी सुनेनं सासऱ्याशी बोलायचं नसे. समोरासमोर तर नाहीच, भिंतीआडूनही नाही. मामाजी ओसरीवर, मी चौकटीआड, मध्ये आत्याबाई. मी म्हणायची, "आत्याबाई, मामाजीले सांगा, घोडीचे गुडघे सुजले." मामाजींना ते चांगलं ऐकू जायचं. तरी आत्याबाई पुन्हा म्हणायच्या, "सून म्हनते, घोडीचे गुडघे सुजले." मग मामाजी म्हणायचे, "तिले सांग, पावसाची हवा हाय, आळसली हाय ती." मग आत्याबाई माझ्याकडे वळून, "ते म्हनतात आळसली हाय." या पोरखेळात माझं अर्धं आयुष्य गेलं. बोलणं सरळ गेलं असतं तर निदान राग तरी वेळेवर बाहेर पडला असता.

माहेरी आमच्याकडे एक तट्टू होतं. भाजीचं ओझं घेऊन ते बाजाराच्या गावांना जायचं. ते लंगडलं की आई निरगुडीचा शेक द्यायची. निरगुडी सगळ्यांना माहीत असते, पण बांधाची झाडी म्हणून. बोटांसारखी पाचपाच पानं, खालून पांढुरकी, निळसर फुलांचे तुरे, आणि वास असा उग्र की शेळीसुद्धा तोंड लावत नाही. सासरच्या नाल्याच्या काठानं ती माजली होती. इथं कोणी तिला हात लावत नव्हतं. कुंपणाला तोडून टाकायचे, बस.

मी पदरात भरून पाला आणला. मोठ्या गंजात, म्हणजे पातेल्यात, पाणी ठेवलं आणि पाला उकळला, पाण्याला काळसर रंग येईपर्यंत. त्या पाण्यात जुन्या लुगड्याचे तुकडे बुडवायचे, पिळायचे, आधी आपल्या मनगटावर लावून पाहायचे, आणि मग घोडीच्या गुडघ्यावर गुंडाळायचे. आपल्याला सोसेल तेवढंच तिला. गार झालं की पुन्हा. शेवटी उरलेला पाला तव्यावर एरंडीच्या तेलात परतून लगदा करायचा, तो सांध्यावर थापायचा, वरून एरंडाचं पान आणि पट्टी. हाताला तो वास दिवसभर राहायचा. भाकरी खाताना तोंडात यायचा. आमचे हे, म्हणजे माझे मालक, नाक धरायचे. म्हणायचे, "कायचा वास येऊन राहिला तुले?" मी म्हणायची, "तुमच्या घोडीचा."

पहिल्यांदा शेक दिला तेव्हा घोडी थरथरली. मग हळूहळू तिनं मान खाली सोडली, खालचा ओठ लोंबला आणि डोळे अर्धे मिटले. असं सुख मी त्या घरात दुसऱ्या कोणाच्या तोंडावर पाहिलं नव्हतं. पुढं तर मी गंज घेऊन कोठ्यात शिरले की ती स्वतःहून पाय पुढं करायची. आधी उजवा, तो जास्त दुखायचा. मी म्हणायची, "हाव वं माय, देतो, देतो. घाई काहून करतं?"

आई एक गोष्ट बजावून सांगायची. शेक दिला की जनावर बांधून ठेवायचं. चांगला आराम पडेपर्यंत जुंपायचं नाही. शेकानं दुखणं निवतं, पण सांधा बरा व्हायला वेळ लागतो. निवालं म्हणजे बरं झालं असं समजणारा माणूस जनावराचा वैरी. हे मी आत्याबाईंमार्फत मामाजींना सांगितलं होतं. स्वच्छ सांगितलं होतं. मला त्या वेळी कोणी विचारलं नाही म्हणून सांगायचं राहिलं, असं काही झालेलं नाही.

तुळशीचं लग्न झालं आणि लगनसराई लागली. मामाजी कोठ्यात आले. पाहतात तर घोडी चारी पायांवर सरळ उभी, कान टवकारलेले. त्यांनी तिच्या पाठीवर थाप मारली आणि ओसरीवर येऊन म्हणाले, "झाली नं घोडी चांगली! मी म्हनत नोतो, आळसली होती?" दुसऱ्याच दिवशी तिच्यावर झूल चढली. संध्याकाळी परत आली ती लंगडत.

मी पुन्हा शेक दिला. पुन्हा ती उभी राहिली. पुन्हा झूल चढली. असं किती वेळा झालं असेल! दुखणं मी सकाळी उतरवायची आणि ते संध्याकाळी चढवायचे. मला वाटायचं मी घोडीला बरं करते आहे. कसलं बरं करतेय, कपाळ! मी तिला पुढच्या वरातीसाठी तयार करून देत होते. हे ज्या दिवशी डोक्यात शिरलं त्या दिवशी माझ्या हातातला गंज मी अंगणात आपटला. पाणी उडून आत्याबाईंच्या लुगड्यावर गेलं. "काय झालं वं?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "आत्याबाई, मामाजीले सांगा, घोडीले पावसाळ्यापर्यंत बांधून ठेवा. नाई तं मी शेक देनार नाई."

मामाजी ओसरीवरच होते. हसले. "तिले सांग, लगनं का घोडीले इचारून निघतात?"

मी शेक बंद केला.

हे लिहिणं सोपं आहे. करणं कसं होतं ते मलाच माहीत. मी शेण काढायला जायची, घोडी पाय पुढं करायची. उजवा. मी तिच्याकडे न पाहता शेण भरायची. ती पाय तसाच धरून ठेवायची, मग खाली टेकवायची, मग पुन्हा पुढं करायची. मला वाटायचं आता सांगावं तिला, बाई, तुझं दुखणं हीच तुझी सुट्टी आहे. तू लंगडतेस तोवरच तुझ्यावर कोणी बसणार नाही. पण हे जनावराला कसं सांगणार? माणसांना सांगून कळलं नाही. ज्या माणसानं माझ्यावर ही पाळी आणली, की जिचं दुखणं मला घालवता येतं तिचं दुखणं मी राखून ठेवावं, त्या माणसाला मी कधी माफ केलेलं नाही. ते गेले तेव्हाही नाही. लोक म्हणाले, अशी कशी सून, डोळ्यात पाणी नाही. नव्हतं.

पण माझा उपाय चालला. घोडी उघड लंगडू लागली. आमंत्रणं यायची आणि मामाजींना नाही म्हणावं लागायचं. गावातली माणसं कोठ्यात डोकावून 'अरेरे' करून जायची. मामाजी घरात फणफणायचे, ताटावरून उठायचे, बैलांवर ओरडायचे. मला त्यातून फार सुख मिळत होतं, खोटं कशाला बोलू. चैत्र असाच गेला. तिच्या गुडघ्याची सूज शेकाशिवायही थोडी उतरली, कारण ती उभी होती, बांधलेली होती. मी म्हटलं, आता पाऊस लागेपर्यंत एवढंच निभावलं की जिंकलं.

मग शेजारच्या गावच्या पाटलाच्या मुलीचं लग्न निघालं. मोठं घर. नवरदेव अमरावतीचा, वकिली शिकलेला. पाटलाच्या दारात मोटार उभी असायची. अकोल्याहून इंग्रजी बाजा ठरवला होता. त्या मोटारीत नवरदेव ऐटीत बसला असता. पण पाटील म्हणे मामाजींना म्हणाला, "मोटार तं सगयेच आनतात. आमच्या दारात तुमची घोडी नाचली पायजे." झालं! मामाजींनी तिथल्या तिथं शब्द दिला आणि घरी येऊन ओसरीवर बसून हुकूम सोडला, "सुनेले सांग, उद्यापासून शेक दे म्हना."

आत्याबाई माझ्याकडे वळल्या. त्यांनी तोंड उघडायच्या आत मी चौकटीतून बाहेर आले. डोक्यावर पदर होता, पण पाय ओसरीवर होता. मी म्हटलं, "मामाजी, मी नाई देनार."

आमचे हे सुपारी कातरत होते, त्यांचा अडकित्ता तसाच हातात राहिला. मामाजींनी माझ्याकडे पाहिलं नाही. सुनेकडे पाहायची रीत नव्हती ना, मग ते रागावतानाही खांबाकडे पाहून रागावले. "हिले सांग, हे घर माह्यं हाय आन् घोडी बी माही हाय."

"घोडी तुमची हाय, पन दुखते तिले," मी म्हटलं. "तुमाले नाई दुखत."

"हिले आत ने."

आत्याबाईंनी मला दंडाला धरून आत नेलं. हे मागोमाग आत आले, तशी मी यांच्यावर तुटून पडले. म्हटलं, तुम्ही काही बोलाल की नाही? तोंडाला कुलूप घातलंय का? हे म्हणाले, "बापानं शब्द देला, आता मी का बोलू?" मी म्हटलं, "मंग घोडीच्या जागी तुमीच नाचा पाटलाच्या दारात. घुंगरू मी बांधून देतो." ते उठून वावरात निघून गेले. भांडण झालं की हा माणूस वावरात जायचा. आमचं वावर फार चांगलं निंदलेलं असे.

दुसऱ्या दिवशी निरगुडीचा वास आला तेव्हा मी स्वयंपाकघरात होते. मी धावत कोठ्यात गेले. आत्याबाई गंजापाशी बसल्या होत्या. इतके महिने त्यांनी मला पाहिलं होतं, सगळं लक्षात ठेवलं होतं. पाला तोच, पाणी तसंच काळसर, कापड आधी आपल्या मनगटाला लावून पाहत होत्या. घोडीनं पाय पुढं केला होता आणि ओठ लोंबवून उभी होती. तिला काय माहीत, तिला कशासाठी शेकून काढताहेत ते!

"आत्याबाई, तुमी?" मी म्हटलं.

त्यांनी मान वर केली नाही. "पोरी, तू बोलून देते आन् मोकयी होते. मले या घरात राहाचं हाय." मग कापड पिळता पिळता म्हणाल्या, "बरं वाटून राहिलं नं तिले. पाय तरी."

मला त्यांच्यावर ओरडायचं होतं. ओरडता आलं नाही. घोडीला खरंच बरं वाटत होतं.

लग्नाच्या दिवशी सकाळीसुद्धा आत्याबाईंनी शेक दिला, लगदा बांधला, आणि दुपारी पट्ट्या सोडून तिच्या पायांत घुंगरू बांधले. आम्ही बायका दमणीतून, म्हणजे बैलांच्या छोट्या गाडीतून, गेलो. मुहूर्त गोरजाचा होता. आमच्याकडे नवरदेवाला आधी मारोतीच्या देवळात नेतात आणि तिथून वाजतगाजत मांडवात आणतात. देवळापासून पाटलाच्या दारापर्यंतचा रस्ता दगडी, सबंध दिवस तापलेला. नवरदेव कोट घातलेला, चांगला भरलेला. पुढं बाजा, मग लगाम धरून मामाजी, मग घोडी. आम्ही बायका एका ओट्यावर उभ्या राहून पाहत होतो.

सुरुवातीला ती चांगली चालली. मान उंच, पाय तालावर. लोक ओरडत होते, "वाह रे घोडी!" मामाजींची छाती पुढं आली होती. ती जसजशी जवळ येत गेली तसतसं मला तिचं पाऊल दिसू लागलं. उजवा पाय पुरता टेकत नव्हता. टेकला की लगेच उचलत होती. मग भार डाव्यावर यायचा, की तोही उचलायची. अंगाला घाम सुटला होता, मानेवरून फेस वाहत होता.

आमच्या ओट्यासमोर बाजा थांबला. वाजवणाऱ्यांना सरबत देत होते. सगळा आवाज एकदम बंद झाला. आणि त्या शांततेत घुंगरू वाजत होते. घोडी थांबली नव्हती. उजवा, डावा, उजवा, डावा. कोणी वाजवत नव्हतं तरी तिचे पाय चालूच.

लोकांना तर उधाण आलं. "अबे पाहा, बाजा थांबला तरी घोडी थांबून नाई राहिली! काय हौशी जनावर हाय!" टाळ्या पडल्या, शिट्ट्या झाल्या. नवरदेव वर बसून हसत होता. माझ्या बाजूची बाई मला कोपर मारून म्हणाली, "बाई, तुमची घोडी म्हंजे घोडी हाय."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी ओट्यावरून खाली उतरले. पुरुषांच्या गर्दीत एकटी बाई घुसली म्हणून माणसं आपोआप बाजूला झाली. मी सरळ मामाजींच्या समोर जाऊन उभी राहिले. "मामाजी, नवरदेवाले खाली उतरवा. ती नाचत नाई. तिले पाय ठेववून नाई राहिले खाली."

नवरदेवानं विचारलं, "काय म्हणतात या बाई?" मागून कोणीतरी म्हणालं, "सूनबाई नजर काढाले आली वाटते!" आणि सगळे हसले. मामाजी माझ्या डोक्यावरून पलीकडे पाहत यांना म्हणाले, "हिले घेऊन जा."

आणि हे आले. माझ्या हाताला धरलं. मी हिसका दिला, त्यांनी घट्ट धरलं. बाजेवाल्यांनी पेले खाली ठेवले आणि पुन्हा सुरू केलं. मला दमणीत बसवून घरी पाठवलं. घोडी पाटलाच्या दारापर्यंत नाचत गेली, असं मला नंतर सांगण्यात आलं. मांडवाच्या दारात तर म्हणे असं नाचली की असं कधी नाचली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती उठली नाही. कोठ्यात आडवी पडली होती, पुढचे पाय ताठ. गड्यांनी उठवलं, ती उभी राहिली, थरथरली आणि पुन्हा बसली. मामाजी आले, पाहिलं, आणि म्हणाले, "दृष्ट लागली. एवढी मानसं पाहून राहिली होती, लागनारच." मीठ-मिरच्या मागवल्या. आत्याबाईंनी तिच्यावरून ओवाळून चुलीत टाकल्या. मिरच्या जळल्या, ठसका लागला नाही. मामाजी म्हणाले, "पाहा! वास बी नाई आला. जबर दृष्ट हाय." मी तिथंच गंज मांडत होते. आधी बोलून काय झालं होतं?

आता मी शेक देऊ लागले तो कोणाच्या सांगण्यावरून नाही. आता तिच्यावर कोणी बसणार नव्हतं. सकाळ-संध्याकाळ पाला, पाणी, लगदा. ती पडल्या पडल्या मान सोडायची, ओठ लोंबवायची. उभी राहायला लागली, पण दोन पावलांच्या पुढं चाललीच नाही. पावसाळाभर ती कोठ्यात होती आणि मामाजी कोठ्यात येईनासे झाले. ते आता शिंगराच्या शोधात होते, जत्रा कुठं भरते ते विचारत होते. नाचली तोवर ती त्यांची. बसली की ती शेण काढणारीची. थंडी पडली आणि एका सकाळी ती गेलेली होती. मी पाय चोळत बसले होते, तरी मला उशिरा कळलं.

त्यानंतर वर्षं गेली. माझा राग मी सांभाळून ठेवला होता. मला वाटायचं, या माणसाला त्या दिवशी सगळं कळलं होतं. घोडीचे पाय दिसत होते, घाम दिसत होता, मी तोंडावर सांगितलं होतं. कळूनही पाटलासमोर मान खाली जाऊ नये म्हणून त्यानं ते होऊ दिलं. दुष्ट माणूस. असं म्हटलं की मला बरं वाटायचं. कोणावर रागवायचं ते माहीत असलं की माणूस शांत झोपतो.

एकदा अमरावतीहून पाहुणे आले. धाकट्या दिरासाठी सोयरिकीचं बोलणं होतं. चहा झाला, आणि मामाजींनी घोडीची गोष्ट काढली. ते ती नेहमीच काढत, पण त्या दिवशी मी तिथंच कपबशा उचलत होते. तोवर मी त्या घरात जुनी झाले होते, चौकटीआड उभं राहायची रीत ढिली पडली होती. मामाजी सांगत होते, "आमच्या सूनबाईनं असा शेक देला का घोडी पाटलाच्या दारात बाजा थांबला तरी नाचून राहिली होती! हिच्या हातचा गुन बरं का."

माझ्या हातातली बशी खणकन ट्रेवर पडली. मी म्हटलं, "मामाजी, त्या दिवशी माझा हात लागला नोता तिले. आन् बाजा थांबल्यावर ती काहून नाचत होती, ते बी सांगा पाहुण्याले."

आत्याबाई आतून दारापर्यंत आल्या. मामाजींनी पहिल्यांदा माझ्याकडे सरळ पाहिलं, चेहऱ्याकडे. त्यांचे डोळे पाणावले होते, घोडीच्या आठवणीनं.

"हौस, सूनबाई," ते म्हणाले. "हौस होती तिले."

मी त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिले. ते खोटं बोलत नव्हते.